मरणाच्या हक्काआधी

कळमन्याच्या बाजारात धान्याची आणि मिरचीची पोती वाहणाऱ्या हमालाचा हिशेब सरळ असतो. ज्या दिवशी पाठीवर पोते नाही, त्या दिवशी घरात मजुरी नाही. अशा घरातला कर्ता माणूस अपघातात डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर येण्याची आशा उरली नाही, तर त्याला यंत्रांच्या आधाराने जगवावे की जाऊ द्यावे? दयामरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा तत्त्वज्ञानाच्या दिवाणखान्यात होते. आम्हांस ती या उंबरठ्यावरून करावीशी वाटते.

चर्चेत पहिले नाव अर्थातच अरुणा शानबाग यांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या कायमच्या परावलंबी झाल्या. त्या मेंदूमृत नव्हत्या, श्वासही स्वतःच घेत. आईवडील वारले, इतर नातेवाईक दुरावले. पण परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या तरी शुश्रूषा खंडली नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद न्यायालयानेही घेतली.

पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट खुली केली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. जो कूस बदलतो आणि घास भरवतो तोच आप्त, हे तत्त्व आम्हांस त्या निकालातले सर्वांत मोलाचे वाटते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या, तेव्हा त्या परिचारिकांनी घरचे माणूस गेल्याप्रमाणे शोक केला.

तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या प्रेमामागे पाळ्या होत्या, पगार होता, महापालिकेची खाट होती. म्हणूनच परिचारिकांचा नकार हा मुक्त नकार होता. कळमन्यातील हमालाच्या बायकोला आप्त म्हणून तोच अधिकार मिळाला, तर तिचा होकार तितका मुक्त असेल काय? रात्रपाळी तिचीच, दिवसपाळीही तिचीच. आणि औषधांसाठी काढलेले कर्ज दाराशी उभे.

याचा अर्थ यंत्रे शेवटपर्यंत चालूच ठेवावीत असा नव्हे. नागपुरापासून फार दूर नसलेल्या पवनारला नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न आणि औषध सोडले; त्या देह ठेवण्यातली शांतता आम्हांस ठाऊक आहे. पण विनोबा स्वतः बोलू शकत होते. अरुणाला कोणी विचारू शकत नव्हते. म्हणून विराणींची मागणी निर्दय होती असेही आम्ही म्हणणार नाही.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि इच्छापत्र आधी करून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर असे इच्छापत्र करता येते. ज्यांच्याकडे कागद करण्याइतकी निवांतता आहे त्यांनी ते जरूर करावे. परंतु आपल्याकडे उपचार थांबतात ते पुष्कळदा वेगळ्याच कागदावर. ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ अशी सही करून रुग्णाला हलवले जाते. त्या सहीमागे दया किती आणि बिल किती, हे कोणतेही वैद्यकीय मंडळ तपासत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. मरू देण्याच्या हक्काआधी सांभाळण्याची सोय हवी: सार्वजनिक खाट, घरी येणारी परिचारिका, वेदनाशामक उपचार, थकलेल्या बाईला एखाद्या रात्रीची झोप. ती मिळाल्यावरही तिने ‘आता पुरे’ म्हटले, तर तो निर्णय आपण मान खाली घालून स्वीकारावा. तोवर गरिबाच्या सहीला दयामरण म्हणू नये.