हाकेला ओ न देणारा

हाक मारली की ‘ओ’ यावी, अशी आपली साधी अपेक्षा असते. ओ आली नाही, तर माणूस घरात नाही असं समजून आपण पुढे जातो. शिकाऱ्याने मात्र असा हिशेब केला, की त्याचं सावज हातचं जातं. आणि सावज जर नरभक्षक वाघ असेल, तर जाण्याची पाळी शिकाऱ्यावरच येते.

बंगळूरला राहून जंगलाच्या गोष्टी ऐकायच्या आणि केनेथ अँडरसनचं नाव निघायचं नाही, हे होत नाही. १९१० साली जन्मलेला हा गृहस्थ स्कॉटिश वंशाचा; पण त्याचं घराणं कित्येक पिढ्या हिंदुस्थानातच रुजलेलं. शिक्षण बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत, पुढे नोकरी इथल्याच विमान कारखान्यात आणि १९७४ साली मृत्यूही इथेच. आठवडाभर कारखाना आणि सुटी मिळाली की जंगल, असा त्याचा संसार! नरभक्षकांच्या शिकारीच्या कथांचं त्याचं पहिलं पुस्तक १९५४ साली आलं. त्यात जवलगिरीच्या वाघिणीची हकिकत आहे. जवलगिरी म्हणजे होसूरच्या पलीकडचं, आज तामिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात मोडणारं रान. मीलनाच्या दिवसांत या वाघिणीचा जोडीदार मारला गेला आणि त्यानंतर ती माणसांच्या वाटेला गेली. अँडरसनने तिला शेवटी कशाने गाठलं असेल? आमिष बांधून नव्हे. नर वाघाची हाक तोंडाने काढून त्याने तिला बोलावून घेतलं!

क्षणभर त्याच्या जागी बसून बघा. अंधार, हातात रायफल आणि ज्या जनावराने माणसं खाल्ली आहेत त्यालाच आपण होऊन दिलेलं आमंत्रण. ती ओरडत आली तर ठीक. आवाजावरून अंतर कळतं, दिशा कळते, तयारीला वेळ मिळतो. कुमाऊंमध्ये १९३८ साली जिम कॉर्बेटने ठाकच्या वाघिणीला अशीच हाक घालून बोलावलं, तेव्हा तिने उत्तरं दिली होती. उत्तर देणारी वाघीण कितीही भयंकर असली, तरी ती स्वतःचा पत्ता सांगत असते. पण हाक घातली आणि पलीकडून काहीच आलं नाही तर? ती आलीच नाही, की पाठीमागे येऊन बसली आहे? गादीसारख्या पंजांवर चालणाऱ्या जनावराचं पाऊल कुणाला ऐकू येणार!

बिबळ्याच्या बाबतीत तर प्रश्नच नको. तो भक्ष्यावर येतो तो बहुधा मुकाटच. रुद्रप्रयागच्या बिबळ्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली होती. मे १९२६ मध्ये कॉर्बेट गुलाबराईला यात्रेकरूंच्या वाटेवरच्या आंब्याच्या झाडावर बसला आणि खाली त्याने एक बकरी बांधली. तिच्या गळ्यात घंटा होती. मधल्या काळोखात त्याला काही दिसत नव्हतं. काहीतरी धावून आल्याचा आवाज झाला, बकरीची घंटा जोराने किणकिणली, टॉर्च पेटला आणि गोळी सुटली. गप्प येणाऱ्याची बातमी दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यातून मिळाली. मचाणावर बसणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांची विद्या बरीचशी हीच. वानराचा खोकल्यासारखा इशारा, चितळाची शीळ, सांबराचा घणाघाती ‘पाँक’, मोराचा अवेळचा ओरडा, ही सगळी दुसऱ्यांच्या गळ्यातली घंटाच. वाघ बोलत नाही, पण त्याच्यावाचून सगळं रान बोलत असतं.

घरातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पोरं भांडत असतात तोवर आई निवांत पोळ्या लाटते. आतल्या खोलीतला आवाज एकाएकी बंद झाला, की लाटणं बाजूला ठेवून उठते.

तिकडे अमेरिकेत हाच पेच एका पक्ष्याने टाकला आहे, आणि तिथे तो दर वसंतात हजारो शिकाऱ्यांना पडतो. हा पक्षी म्हणजे रानटर्की. टर्की आपल्याला अगदीच परकी नाही बरं का! १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अजब प्राणी नेले, त्यांत एक टर्की होता. त्याचं डोकं आणि मान सरड्यासारखी रंग पालटते, याचं बादशहाला फार नवल वाटलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तर या रानटर्कीचा नर पहाटे झाडावरच्या रातथाऱ्यावरूनच ‘गॉबल-गॉबल’ असा गलका करतो. शिकारी खाली दडून मादीचा आवाज काढतो. कुणी लाकडी डबी घासतो, कुणी पाटीच्या दगडावर काडी ओढतो, तर कुणी तोंडात पातळ पडदा धरून. नराने ओ दिली, की शिकाऱ्याचं काळीज धडधडायला लागतं. पण यात मुळातच एक गोम आहे. निसर्गाचा रिवाज असा, की नराने ओरडायचं आणि मादीने चालत त्याच्याकडे जायचं. शिकारी हा रिवाज उलटा करू पाहतो. म्हणून पुष्कळदा नर जागचा हलत नाही. आणि हलला तर अनेकदा तोंड मिटून येतो. का? एक तर भोवती दुसरा दांडगा नर असेल, तर दुबळ्याने ओरडणं म्हणजे मार ओढवून घेणं. दुसरं, लांडगेकुत्र्यासारखे कोयोटी आणि रानमांजरं गॉबल ऐकतातच. आणि तिसरं, जिथे बंदुका फार फिरतात तिथे पक्षी फार बोलत नाहीत.

या गप्प नराची शिकार बहुतेक वेळा हुकते ती शिकाऱ्याच्या घाईने. अर्धा तास उत्तर नाही म्हणून तो उठतो, कपडे झटकतो आणि वीस पावलांवरून एक मोठा पक्षी फडफडत निघून जातो. टर्कीची नजर मोठी तीक्ष्ण. नुसती मान वळवली तरी त्याला कळते. म्हणून अनुभवी माणसं झाडाला पाठ लावून हलायचंच नाही, असं ठरवून बसतात. वाळलेल्या पाल्यात अगदी माणसासारखी पावलं वाजतात, ती ऐकायची. नर पिसं फुलवतो तेव्हा छातीतून एक खोल घुमारा निघतो. तो कानापेक्षा अंगालाच जास्त जाणवतो. हाकही मग कमी करायची. कारण पक्ष्याने आवाजाची जागा एकदाच ऐकून पक्की धरलेली असते. पुन्हा पुन्हा बोलावणारी मादी त्याला खोटी वाटू शकते.

मग गप्प राहणारा नेहमी वाचतोच का? या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या बंगळूरातच मिळालं आहे. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि त्यांचे सहकारी रातकिड्यांच्या आवाजाचा अभ्यास करतात. त्यांच्यातले झाडांवरचे काही हिरवे, पानासारखे रातकिडे असे, की नर रात्री शीळ घालतो आणि मादी मुकाट्याने त्याच्याकडे जाते. त्यांना खाणारी एक वटवाघळाची जात आहे आणि तिचे कान फार तिखट. तेव्हा ओरडणारे नरच जास्त मरत असणार, असं कुणीही म्हणेल. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटंच निघालं. जास्त धोका गप्प माद्यांना होता! नर एका जागी बसून गातो. मादीला मात्र झाडावरून झाडावर उडत जावं लागतं आणि तिच्या त्या जाण्याचाच माग वटवाघूळ काढतं. तोंड मिटलं तरी चालणं लपत नाही.

आपल्या फासेपारध्यांनी ही गोष्ट कोणत्या प्रयोगशाळेत शिकली असेल? तित्तिर धरायची त्यांची रीत अशी. पाळलेला, बोलका तित्तिर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा आणि भोवती फास मांडायचे. पिंजऱ्यातला ओरडला, की त्या भागाचा मालक नर चिडून भांडायला येतो. कधी तो ओरडत येतो, कधी गवताच्या बुडातून मान खाली घालून सरळ धावत. बंदूकवाल्याला तो दिसावा लागतो. फासाला लागत नाही. पक्षी बोलो न बोलो, चालला की पाय अडकतो. मला तर ही युक्ती रायफलीपेक्षा हुशारीची वाटते. तिचं चीज मात्र असं झालं, की इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या वरवंट्याखाली पारध्यांवरही गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला. लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच झालं. पण ज्यांच्या चुलीला तोच आधार होता, त्यांच्या हाती दुसरं काय दिलं, हा प्रश्न तसाच राहिला.

फासाची ती कल्पना मात्र मेली नाही. बंगळूरच्याच उल्हास कारंथांनी १९९० च्या दशकात नागरहोळेच्या जंगलवाटांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसवले. वाघ डरकाळी फोडो की मांजराच्या पावलाने जावो, तो कॅमेऱ्यासमोरून गेला की दोन्ही कुशींचे फोटो निघतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, म्हणून एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. हा फास पकडतो आणि सोडून देतो.

आणि पारधी? अकोला-वाशीमच्या माळरानांवर पावसाळ्यात तणमोर येतो. नर गवतातून दिवसात शेकडो वेळा उंच उड्या मारून स्वतःची जाहिरात करतो, म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी तो हवा तेवढा टिपला. मादी मात्र ना उडी मारते, ना ओरडते. गवताच्या रंगाची ती, अंड्यांवर दबून बसली की शेजारून गेलेल्या माणसालाही दिसत नाही. पक्षी आज नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि ही अंडी राखायची तर आधी ती सापडायला हवीत. त्या भागात तणमोर वाचवण्याची धडपड करणाऱ्या मंडळींनी म्हणूनच फासेपारध्यांना सोबत घेतलं. त्यांची माणसं गवतात उतरतात, मोडलेल्या काडीकडे आणि दबलेल्या पात्याकडे बघत जातात, आणि मादी उठायच्या आत दोन पावलं मागे सरतात.