खुर्ची कोरली कुणी, नाव कुणाचे?



जुन्या शिसवी फर्निचरचे फोटो टाकून 'आपली परंपरा, आपले कारागीर' असा गजर सध्या चालू आहे. नवघरमधली आपली पोरेही ते फोटो पुढे पाठवतात. म्हणून थोडा इतिहास तपासू.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे कोरीव फर्निचर बनत असे. घाट युरोपी, नक्षी देशी. गिऱ्हाईक इंग्रज साहेब आणि श्रीमंत शेटजी. १८८१ मध्ये लॉकवूड डी फॉरेस्ट या अमेरिकन सजावटकाराने मगनभाई हठीसिंग या व्यापाऱ्यासोबत अहमदाबादेत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, लाकूड कोरण्याचा कारखाना काढला. तिथली सागवानी नक्षी न्यूयॉर्कला गेली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या वाड्यातली लायब्ररी डी फॉरेस्टनेच सजवली. सजावटकाराचे नाव राहिले, व्यापाऱ्याचे राहिले, मालकाचेही राहिले. पटाशी चालवणारा मात्र नुसता 'मिस्त्री'!

कुणी म्हणेल, हातात कला असली की माणूस आपोआप वर येतो. मग थॉमस डे बघा. नॉर्थ कॅरोलिनातल्या मिल्टन गावचा हा कृष्णवर्णीय कारागीर गुलाम नव्हता. गोऱ्या जमीनदारांची घरे त्याच्या नक्षीदार फर्निचरने सजली. पण १८३० मध्ये त्याने व्हर्जिनियातल्या मुलीशी लग्न केले आणि कायदा आडवा आला. बाहेरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना त्या राज्यात प्रवेशबंदी होती. बायकोला घरी आणायला गोऱ्यांच्या सह्यांचा अर्ज विधिमंडळापुढे न्यावा लागला. आणि याच थॉमस डेने पुढे स्वतः गुलाम बाळगले! कौशल्याने गुलामी संपत नाही. ती कायद्याने संपायला युद्ध आणि १८६५ ची घटनादुरुस्ती लागली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकन जनतेला अर्पण केली, ती तिथल्या नक्षीकामासाठी नव्हे, याच मुक्तीसाठी.

आता आजचे बघा. २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. १८ पारंपरिक व्यवसाय, त्यात सुतारकामही. अवजारांसाठी पंधरा हजार, ५ टक्क्यांनी कर्ज. पैसे जरूर घ्या, ते जनतेचेच आहेत. पण योजनेची भाषा वाचा: गुरु-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेले कौशल्य. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधण्यालाच तर जात म्हणतात! जात कामाची नुसती वाटणी करत नाही, काम करणाऱ्यांनाच जन्माने वरखाली वाटते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले आहे.

आमचा विरोध कलेला नाही, सक्तीच्या वारशाला आहे. सुताराच्या मुलीला आर्किटेक्ट होता आले पाहिजे आणि जोशी-कुलकर्ण्यांच्या मुलाला पटाशी धरताना कमीपणा वाटता कामा नये. ओबीसी भावंडांनो, 'विश्वकर्म्याचे वंशज' म्हणून मिरवण्यापेक्षा शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि आरक्षण मागा. आम्ही सोबत आहोत.

यापुढे कोरीव खुर्चीचे कौतुक करताना एवढेच विचारा: ही कोरली कुणी, आणि त्याचे पोर आज कुठे शिकते?

जयभीम! जय संविधान!