विश्लेषण : कंपायलरच्या चाचण्यांना इतका वेळ का लागतो?

अहिल्यानगरच्या ‘व्हीआरडीई’ या संरक्षण प्रयोगशाळेच्या चाचणी मार्गांवर वाहनांची कसून परीक्षा होते. मात्र आजच्या गाडीत ब्रेकवर सॉफ्टवेअरचेही नियंत्रण असते आणि ते कंपायलरमधून गेलेले असते. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन. तेच चुकले, तर निर्दोष प्रोग्रॅमही चुकीचा चालतो. म्हणूनच वाहनांच्या सुरक्षेचे ‘आयएसओ २६२६२’ हे मानक अशा साधनांवर कितपत विसंबता येईल, हेही तपासायला सांगते.

वेळ नेमका कुठे जातो?

‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरच्या एका पूर्ण फेरीत लाखाहून अधिक निकाल नोंदवले जातात. बऱ्याच चाचण्या अवघ्या काही ओळींच्या असतात. पण एखादी चाचणी शेवटपर्यंत चालवायची, तर कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि तयार झालेला प्रोग्रॅम हे सारे नव्याने सुरू करावे लागते. काम थोडे आणि तयारीच फार. त्यात अनेक चाचण्या ऑप्टिमायझेशनच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर पुन्हा पुन्हा चालवल्या जातात. एखादा प्रोग्रॅम अडकला, तर ठरलेली मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. ही मुदत ३०० सेकंद असेल आणि एकामागून एक शंभर चाचण्या अडकल्या, तर आठ तास नुसते वाट पाहण्यात जातात.

भारतीय प्रोसेसरशी याचा काय संबंध?

सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रोसेसर रिस्क-व्ही रचनेवर आधारित आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रमही जाहीर केला. नवी चिप हाती येण्यापूर्वी कंपायलर सिम्युलेटरवर तपासावा लागतो आणि तो खऱ्या चिपपेक्षा कितीतरी पट संथ असतो.

वेग कसा वाढवता येतो?

पहिला उपाय म्हणजे चाचण्या सर्व कोअरवर वाटून देणे. त्यातही लांबलचक चाचण्या आधी सुरू कराव्यात, नाहीतर शेवटी एकच कोअर राबतो आणि बाकीचे रिकामे बसतात. जिथे केवळ चुकीचा संदेश तपासायचा आहे, तिथे लिंकरपर्यंत जाण्याची गरज नसते. अडकलेल्या चाचण्यांची मुदत कमी करता येते, पण संथ सिम्युलेटरवर ती फार घटवली तर बरोबर चालणारी चाचणीही नापास ठरते.

मग चाचण्याच कमी केल्या तर?

त्यात धोका आहे. ऑप्टिमायझेशनमधील एक बदल भलत्याच ठिकाणी चूक निर्माण करू शकतो. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर निवडक चाचण्या आणि रात्री पूर्ण फेरी, हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो. चाचण्या फारच रेंगाळल्या, तर घाईत त्या टाळण्याचा मोह होतो. म्हणूनच चाचणीचा वेग हाही सुरक्षेचाच भाग ठरतो.