पाहुणा गेला, किल्ली राहिली!

मेलबॉक्समध्ये तुंबलेला कचरा ही आपल्या पिढीची कॉमन डोकेदुखी. सेलच्या जाहिराती, लोनच्या ऑफर्स, कधीतरी एकदाच बूट घेतले त्या दुकानाची रोजची प्रेमपत्रं. मग बाजूच्या क्युबिकलमधून कुणीतरी सांगतं, 'अरे, एक सॉलिड टूल आहे. फुकट आहे, टाकून बघ!' दोन क्लिक, एक 'अलाऊ', झालं काम.

आता मला सांगा, टूल आवडलं नाही तर ते काढता कसं? अनइन्स्टॉल, बरोबर? नाही, बॉस. इथेच सगळी गंमत आहे.

टूल टाकताना दोन गोष्टी होतात. एक, प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर बसतो. दुसरी, त्या 'अलाऊ'मुळे मेलबॉक्सची एक वेगळी किल्ली टूलवाल्या कंपनीला मिळते. ही परवानगी तुमच्या लॅपटॉपवर नसते, तुमच्या मेल अकाउंटमध्ये नोंदलेली असते. म्हणजे तुम्ही आयकॉन उडवला तरी किल्ली त्यांच्याकडेच! पेइंग गेस्टनं सामान हलवलं, पण लॅचची चावी परत दिलीच नाही, तसं.

'माझ्या मेलमध्ये काय ठेवलंय एवढं' असं वाटतंय? मग अनरोल डॉट मीचा किस्सा ऐकाच. नको असलेली न्यूजलेटर्स बंद करून देणारं हे अमेरिकन टूल, तेही फुकट. एप्रिल २०१७मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं बातमी दिली, की त्याची मालक कंपनी स्लाइस युजर्सच्या मेलमधून लिफ्ट या टॅक्सी कंपनीच्या पावत्या गोळा करत होती आणि नावं वगळून ती माहिती कुणाला विकत होती? लिफ्टची स्पर्धक उबरला! २०१९मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली. आरोप असा, की 'तुमच्या खासगी मेलना आम्ही हात लावत नाही' असं सांगून कंपनीनं लोकांची दिशाभूल केली. आणि पावतीत काय काय असतं? नाव, पत्ता, काय घेतलं, सगळंच.

तेव्हा काढायचा माझा फंडा सिंपल आहे, फक्त क्रम चुकवू नका.

आधी टूलमध्येच जाऊन तिथलं तुमचं अकाउंट डिलीट करा. किल्ली परत घेतली तरी आधीच नेलेल्या कॉप्या आपोआप पुसल्या जात नाहीत. मग गूगल अकाउंटच्या सिक्युरिटी विभागात थर्ड-पार्टी ॲप्सची यादी उघडा आणि टूलची परवानगी काढून टाका. त्यानंतर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर्स आणि फॉरवर्डिंगवर नजर टाका. मेल परस्पर तिसरीकडे जात असेल, तर ते इथेच कळेल. आणि मग सावकाश अनइन्स्टॉल!

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मेल प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी. तो पीओपी पद्धतीनं चालत असेल तर जुने मेल सर्व्हरवरून उतरून फक्त तुमच्याच मशीनवर असू शकतात. म्हणून आधी बॅकअप, मग बाकीचं. थंडरबर्डचं उलटं. प्रोग्रॅम काढला तरी मेलचं प्रोफाइल फोल्डर मागे राहतं. परत टाकायचा असेल तर छानच. पण नोकरी सोडताना ऑफिसचा लॅपटॉप परत देताय, आणि त्यात तुमच्या पर्सनल मेलचं फोल्डर तसंच पडलंय? ते आठवणीनं उडवा. मात्र ऑफिसच्या मेलला हात लावण्याआधी आयटीवाल्यांना विचारा.

आज लंचनंतर पाच मिनिटं काढा आणि ती थर्ड-पार्टीची यादी बघाच. ज्या नावाकडे बघून 'हे कोण बुवा?' असा प्रश्न पडेल, त्याला सरळ नारळ द्या!