ग्राफीनची पारख कोणी करावयाची?

पदार्थविज्ञानाच्या क्षेत्रात गेली वीस वर्षे ज्या एका नावाचा गजर चालू आहे, ते नाव म्हणजे ग्राफीन. शिसपेन्सिलीतील ग्राफाइटचाच हा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. मँचेस्टरच्या गाइम व नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी २००४ साली तो साध्या चिकटपट्टीने अलग करून दाखविला आणि २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुणेकरांनी हा विषय परका मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून येथे आहे आणि बहुवारिकांवरील, म्हणजे प्लास्टिक, रेझिन यांसारख्या द्रव्यांवरील संशोधन ही तिची जुनी ओळख आहे. दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेने आरेखन केलेला संमिश्र पदार्थाचा सोनार घुमट गोव्यातील कारखान्यात घडून २०१६ साली नौदलाच्या हाती पडला. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाला तर हलके व बळकट सुटे भाग हवेच आहेत.

ग्राफीनची ताठरता पोलादाच्या सुमारे पाचपट आणि सामान्य इपॉक्सी रेझिनच्या तीनशेपटींहून अधिक आहे. मग चिमूटभर ग्राफीन मिसळताच रेझिन पोलादासारखे का होत नाही? अडचण मिसळण्यातच आहे. हे पापुद्रे एकमेकांना घट्ट बिलगतात. पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसे त्यांचे पुंजके रेझिनमध्ये राहतात आणि बळ वाढविण्याऐवजी तेथूनच तडा जाण्यास आरंभ होतो. प्रमाण वाढवावे, तर रेझिन दाट होऊन साच्यात नीट उतरत नाही. पापुद्रे सुटे होणे आणि रेझिनशी त्यांची घट्ट सांधणी होणे, यांवरच सारे यश अवलंबून आहे.

त्याहून मूलभूत प्रश्न मालाच्या खरेपणाचा आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी जगभरातील साठ उत्पादकांचे नमुने तपासून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य नमुन्यांत खरे ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी होते. उरलेले बव्हंशी बारीक ग्राफाइटच! डब्यावरील नावावर विसंबणाऱ्या लहान कारखानदाराचे भांडवल त्यात बुडाले, तर दोष कोणाला द्यावयाचा? आणि विद्यार्थ्याचा प्रयोग फसला, तर चूक त्याची की पुडीतील द्रव्याची?

मोठ्या उद्योगांपाशी स्वतःच्या प्रयोगशाळा असतात. भोसरीच्या छोट्या कारखान्याला ती चैन परवडणारी नाही. म्हणूनच सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थांनी ही पारख माफक दरात व ठरल्या मुदतीत करून द्यावी, आणि निष्फळ ठरलेले प्रयोगही मोकळेपणाने प्रसिद्ध करावेत, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये. सोन्याला कसोटी लागते. सोन्याहून अधिक आशा ज्यावर बांधल्या गेल्या, त्या द्रव्याला ती नको असे कसे म्हणता येईल?