करार करूनच वायरिंग शिका

वाकोला, गोळीबार, कलिन्यातल्या मुला-मुलींनो आणि त्यांच्या आई-वडिलांनो, विजेचं काम शिकायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. पण ओळखीच्या ठेकेदाराकडे नुसतं हेल्पर म्हणून चिकटू नका. भिंतीला झिरी मारणं, पाइपातून वायर ओढणं तिथेही जमायला लागतं. मात्र पाच वर्षं राबूनही हातात एक कागद नसतो, आणि परवान्यासाठी अर्ज करताना पुरावा मागितला की पोरगं गप्प बसतं.

दहावी झाली असेल तर आयटीआयला वीजतंत्री घ्या. आठवीवर तारतंत्रीला प्रवेश मिळतो. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करा, तीही 1961च्या कायद्याखाली, करार नोंदवून. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, तेव्हा मागायला लाजू नका. विद्यावेतन थोडं असतं आणि पुढे तिथेच नोकरी मिळेल असं नाही, हेही आधीच सांगते. पण शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. तोंडी बोलीवर ठेवलेल्या पोराच्या घरच्यांना तेवढ्यासाठी दारोदार फिरावं लागतं.

आणि उस्तादाला ‘का’ विचारा. 26 जुलै 2005ला आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अशा पावसात तळमजल्यावरच्या मीटर खोलीत पाणी शिरून ओसरलं, की सगळे म्हणतात, ‘वाळलंय, टाक मेन.’ बाहेरून कोरडा दिसणारा बोर्ड आत ओला असू शकतो. मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, अर्थिंग बघायचं, मगच पुरवठा जोडायचा. घाई करणाऱ्या सोसायटीला ‘थांबा’ म्हणायचं धाडस त्या तपासणीतून येतं. एमसीबी असली की शॉक बसत नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. जादा प्रवाह झाला की ती वायर वाचवते. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, कारण जीव घ्यायला लागणारा प्रवाह एमसीबीच्या लक्षातही येत नाही. हे ज्याला समजावून सांगता येतं, त्याच्याच हाताखाली शिका.

मुलींनाही हे सगळं लागू आहे. घरच्यांनी अडवू नये.

दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे अर्ज ऑनलाइन भरले जातात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच एका पिशवीत काढून ठेवा, आणि करारावर सही करण्याआधी तो घरात मोठ्याने वाचा.