मुलींची नावे खुल्या गटात घाला

वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ च्या कादंबरीवरून २०२० साली निघालेल्या ‘द क्वीन्स गँबिट’ या दूरचित्रवाणी मालिकेतील बेथ हार्मन या अनाथ मुलीच्या अलौकिक बुद्धीचे कौतुक सर्वत्र झाले; परंतु बुद्धिबळ शिकविण्याचे व्रत घेतलेल्या आपल्यासारख्यांनी तीत विशेष लक्ष द्यावे ते अनाथालयाच्या तळघरात एकट्यानेच पट मांडून बसणाऱ्या झाडूवाल्या शायबेलकडे. मुली हा खेळ खेळत नाहीत, असे प्रथम सुनावणारा हा अबोल गृहस्थ पुढे तिला वजीर गमावताच डाव सोडण्याची शिस्त लावतो, आणि पहिल्या स्पर्धेच्या प्रवेशफीसाठी तिचे पत्र येताच पाच डॉलर धाडतो. त्या स्पर्धेत ती पुरुषांसमोर बसते, हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कारण ही मुभा वास्तवात सहजासहजी मिळालेली नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी वासंती यांनी १९७४ साली पहिले राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळविले, आणि धाकट्या रोहिणी १९७६ साली तेराव्या वर्षी त्याच पदास पोहोचल्या. परंतु त्याच वर्षी त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा हरकती उपस्थित झाल्या, आणि अखेरीस स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. खेद याचा की, ‘द क्वीन्स गँबिट’ मालिकेतच जॉर्जियाच्या बुद्धिबळपटू नोना गाप्रिन्दाश्विली पुरुषांशी कधी खेळल्याच नाहीत, असे धादांत असत्य वाक्य घातले गेले. त्यांनी २०२१ साली दावा लावला, तो पुढील वर्षी तडजोडीने मिटला. त्याच जॉर्जियात, बाटुमी येथे, २०२५ च्या जुलैत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांना नमवून महिला विश्वचषक जिंकला.

आमच्या गेवराई तालुक्यात मात्र मुलींची अडचण निराळी आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे ऊसतोडीस निघाली की, नुकतीच घोड्याचा दुहेरी हल्ला साधू लागलेली मुलगी चारपाच महिने पटापासून तुटते. तिच्याबरोबर घडीचा पट आणि दोन खेळ्यांत मात करावयाच्या डावांची एक वही अवश्य द्यावी. परतल्यावर तिला वर्गातील सर्वांत तरबेज मुलासमोर बसवावे, कारण सोप्या प्रतिस्पर्ध्यावर मिळविलेल्या विजयाने खेळ वाढत नाही. आणि तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ज्या स्पर्धेत खुला गट असेल, तेथे तिचे नाव त्याच गटात नोंदवावे, अशी आमची सर्व शिक्षकांस आग्रहाची विनंती आहे.